डोंगराआडची माणसे : जमिनीच्या उंचीवरून रेडिओच्या पोहोचीचा अंदाज
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. डॉक्टरने रक्तदाबावर, मधुमेहावर किंवा आहारावर बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. परंतु गेली अनेक वर्षे आम्ही अमेरिकेतील ॲपलॅचियन पर्वतराजीत एका लहान रुग्णालयात काम करीत आहोत. रुग्णाचे प्राण वाचणे हे औषधाइतकेच रुग्णवाहिकेतील रेडिओवर अवलंबून असते, हे आम्हाला तेथे उमगले. हा रेडिओ कोठे बोलेल आणि कोठे मुका होईल, याचा अंदाज जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवरून आधीच बांधता येतो. तो कसा बांधतात, त्यावर किती भिस्त ठेवावी आणि त्याचा नकाशा वाचताना कोणाकडे पाहावे, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या विषयाची निकड सांगतो. हृदय अचानक बंद पडले, आणि छातीवर दाब देण्यास किंवा विजेचा धक्का देण्यास कोणी नसले, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात, वैद्यकीय मदत प्रथम पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद झालेली रक्तवाहिनी उघडावी, असा दंडक आहे. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्णवाहिकेने हृदयाचा आलेख वाटेतूनच पाठविला, तर रुग्ण दारात येण्यापूर्वी आम्ही तयार असतो. परंतु मधल्या डोंगराने तो संदेश अडविला, तर ती सारी तयारी रुग्ण आल्यावरच सुरू होते. डोंगराच्या सावलीचा हिशेब असा मिनिटांत करावा लागतो.

आता रेडिओलहरींच्या वाटेतील अडथळे पाहू. पहिला अडथळा अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एकचतुर्थांश उरते. ही घट डेसिबल या मापाने मोजतात. ६ डेसिबल म्हणजे सुमारे एकचतुर्थांश, १० डेसिबल म्हणजे एकदशांश आणि २० डेसिबल म्हणजे एकशतांश. हे मोजमाप ध्यानात राहिले की पुढचे सर्व सोपे होते.

दुसरा अडथळा पृथ्वीच्या गोलाईचा. हवेमुळे रेडिओलहरी किंचित खाली वाकतात आणि नजरेच्या क्षितिजापेक्षा थोड्या पुढे जातात. म्हणून गणित करणारे पृथ्वीची त्रिज्या आहे त्यापेक्षा एकतृतीयांशाने मोठी, म्हणजे सुमारे ८,५०० किलोमीटर धरतात. त्या हिशेबाने २५ मीटर उंचीच्या अँटेनाचे क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असते आणि १०० मीटर उंचीच्या अँटेनाचे सुमारे ४१ किलोमीटरवर. उंची चौपट केली तेव्हा कोठे क्षितिज दुप्पट झाले. मनोरा केवळ उंच करीत गेल्याने प्रश्न सुटत नाही, याचे एक कारण हेच.

तिसरा आणि आमच्या भागातील सर्वांत मोठा अडथळा डोंगराचा. पुष्कळांची समजूत अशी असते की मनोरा दिसला म्हणजे संदेश मिळणारच आणि दिसला नाही म्हणजे मिळणारच नाही. वस्तुतः दोन्ही गोष्टी अर्धसत्य आहेत. लहर दोन टोकांमधून ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. ती मृदंगाच्या आकाराची, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती अशी जागा व्यापून जाते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ही जागा ओळखली जाते. अमेरिकेत रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्या संभाषणासाठी दीर्घकाळ वापरात असलेली १५५.३४० मेगाहर्ट्झ ही वारंवारता घ्या. तिची तरंगलांबी सुमारे २ मीटर आहे. दोन टोकांत २० किलोमीटरचे अंतर असेल, तर मधोमध या मृदंगाची त्रिज्या सुमारे १०० मीटर भरते. त्यांपैकी निदान ६० टक्के जागा मोकळी असावी, असा संकेत आहे. म्हणजे नजरेची रेषा डोंगरमाथ्याच्या ३० मीटर वरून जात असली, तरी लहरीच्या दृष्टीने तेथे दाटीच असते.

याउलट, डोंगराआड गेल्यावर संदेश एकदम संपतही नाही. डोंगराच्या धारेवरून लहर थोडी खाली वळते. यास विवर्तन म्हणतात. रेषा धारेला नुसती चाटून गेली, तर ६ डेसिबलची घट होते. जितके धारेच्या आड आणि पायथ्याशी जावे, तितकी सावली गडद होते. एक उदाहरण देतो. मनोरा २० किलोमीटरवर आहे, रुग्णवाहिका डोंगरधारेपासून १ किलोमीटर अलीकडे खोऱ्यात उभी आहे आणि धार सरळ रेषेच्या १०० मीटर वर आली आहे. अशा वेळी २ मीटर लांबीच्या लहरीत सुमारे २३ डेसिबलची घट होते. शक्तीचा दोनशेवा भाग शिल्लक राहतो. पुष्कळ मोबाइल फोन वापरतात त्या १,९०० मेगाहर्ट्झच्या आखूड लहरीत त्याच जागी ३४ डेसिबलची घट होते. अडीच हजारावा भाग शिल्लक राहतो. खिशातला नवा फोन ज्या खोऱ्यात गप्प होतो, तेथे रुग्णवाहिकेचा जुना रेडिओ बोलत राहतो, त्याचे एक मोठे कारण या आकड्यांत आहे.

या गणितासाठी वाटेवरच्या जमिनीची उंची ठाऊक हवी. पूर्वी अभियंते समोच्च रेषांचे नकाशे पसरून, मनोऱ्यापासून एकेक रेषा आखून, तिच्यावरच्या उंच्या हाताने उतरवून घेत आणि वक्र रेषांच्या खास कागदावर जमिनीचा छेद काढीत. एका दिशेचे काम करण्यात बराच वेळ जाई. १९६८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथील सरकारी प्रयोगशाळेत अनिता लाँगली आणि फिलिप राइस यांनी उंचसखल भूमीवरील घट संगणकाने काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाची ही पद्धत सुधारणांसह आजही वापरात आहे. दूरचित्रवाणी केंद्रांची पोहोच ठरविण्यासाठी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तिचा आधार घेतला आहे.

पद्धत मिळाली, तरी सर्व देशांच्या उंच्यांचे आकडे सारख्या मापाने उपलब्ध नव्हते. ती उणीव फेब्रुवारी २००० मध्ये बऱ्याच अंशी भरून निघाली. ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून त्याच्या दोन टोकांच्या रडारांनी ११ दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. उत्तरेस ६० अंश आणि दक्षिणेस ५६ अंश अक्षांशांपर्यंतचा प्रदेश त्यात आला. अमेरिकेबाहेरच्या भागाचे आकडे प्रथम सुमारे ९० मीटर अंतराच्या जाळीवर मिळत. २०१४ पासून ३० मीटरच्या जाळीवरचे आकडेही टप्प्याटप्प्याने खुले झाले. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकोनात या बारीक जाळीचे ३,६०१ गुणिले ३,६०१, म्हणजे जवळजवळ १ कोटी ३० लाख बिंदू बसतात. प्रत्येक बिंदूपुढे एकच आकडा असतो : समुद्रसपाटीपासूनची उंची.

पुढचे काम संगणकाचे. मनोऱ्याची जागा, अँटेनाची उंची, शक्ती आणि वारंवारता त्याला सांगावी लागते. तो मनोऱ्यापासून चहूदिशांना शेकडो रेषा काढतो, प्रत्येक रेषेवरच्या उंच्या वाचतो, त्यांत पृथ्वीची गोलाई मिळवितो, धारा शोधतो, घट मोजतो आणि जेथे पुरेशी शक्ती उरते ती जागा रंगवितो. जेथे उरत नाही, ती पांढरी सोडतो. हे काम करणारी ‘स्प्लॅट’ आणि ‘रेडिओ मोबाइल’ यांसारखी साधने विनामूल्य मिळतात, आणि घरच्या साध्या संगणकावर हे गणित होते.

सावली नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. आमच्याच पर्वतराजीत ग्रीन बँक येथे आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. तिच्या भोवतीच्या सुमारे १३,००० चौरस मैलांच्या प्रदेशात १९५८ पासून प्रक्षेपणावर निर्बंध आहेत, आणि सभोवारचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवितात म्हणून ते दुर्बिणीचे रक्षकच ठरतात. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महादुर्बीण आहे, तिची जागा निवडतानाही मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे हा एक निकष होता. गणित तेच, एके ठिकाणी सावली हवी असते, दुसऱ्या ठिकाणी ती जीव घेते.

आता या रंगीत नकाशावर किती भिस्त ठेवावी ते पाहू. येथे आम्हाला आमच्या व्यवसायाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. रुग्णाची वये, सवयी आणि तपासण्या पाहून आम्ही आजाराचा संभव वर्तवितो. परंतु संभव म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी रुग्णाच्या खाटेजवळ जावे लागते. पोहोचीचा नकाशाही असाच संभव सांगतो. लाँगली-राइस पद्धतीचे उत्तर मुळातच ‘इतक्या टक्के जागी, इतक्या टक्के वेळ’ अशा भाषेत येते. ५० टक्क्यांची अट घालून नकाशा काढला तर तो भरगच्च दिसतो. ९० टक्क्यांची अट घातली की तोच नकाशा आक्रसतो. म्हणून नकाशा हाती आला की पहिला प्रश्न विचारावा : अट किती टक्क्यांची?

दुसरा प्रश्न उंचीच्या आकड्यांचा. जाळी ९० मीटरची असेल, तर दोन बिंदूंमधली अरुंद, धारदार सोंड हिशेबात बोथट होते आणि सावली प्रत्यक्षापेक्षा फिकी दिसते. शिवाय अवकाशातल्या त्या रडारला घनदाट जंगलात खालची जमीन नीट दिसली नाही. त्याने नोंदविलेली उंची बरीचशी झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते. आणि झाड म्हणजे खडक नव्हे. हिवाळ्यात पाने झडली की आखूड लहरींना वाट मिळते. उन्हाळ्यात तेच रान त्यांना शोषून घेते. जमिनीच्या आकड्यात ऋतू नसतो.

तिसरा प्रश्न बोलणे दोन्ही बाजूंनी होते की नाही, हा. मनोऱ्यावरचे यंत्र १०० वॉटचे असू शकते. कर्मचाऱ्याच्या कमरेचा संच ५ वॉटचा असतो. वीसपट फरक, म्हणजे १३ डेसिबल. मनोऱ्याचा आवाज जेथवर पोहोचतो तेवढाच नकाशा रंगविला, तर त्यात असा मोठा पट्टा येतो की जेथे कर्मचाऱ्याला आपले ऐकू जाते, पण त्याचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. आणीबाणीत ही एकतर्फी बोलणी फार धोक्याची असतात, कारण सांगणाऱ्याला वाटते की समोरचा गप्प आहे.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न चौथा आहे, आणि तो कोणत्याही यंत्राला सुटणारा नाही. नकाशावर माणसे कोठे आहेत?

आमच्या भागात आपत्कालीन सेवेच्या समितीत डॉक्टर म्हणून आम्हाला बसावे लागले, तेव्हा नव्या रिपीटरच्या जागेचा विचार चालू होता. एक जागा सर्वांत उंच शिखरावर होती. तिचा नकाशा पाहून समाधान व्हावे असा होता. बहुतेक काउंटी रंगलेली होती. दुसरी जागा एका बुटक्या डोंगरसोंडेवर होती आणि तिचा रंग थोड्याच भागावर पसरत होता. चौरस मैलांच्या हिशेबात पहिली जागा सहज जिंकत होती.

तथापि, डोंगरी मुलखात माणूस शिखरावर राहत नाही. तो पाण्याच्या कडेने, अरुंद खोऱ्यात राहतो. अशा खोऱ्याला तेथील लोक ‘हॉलर’ म्हणतात. शिखरावरच्या मनोऱ्याने जे रंगविले, त्यांत निर्मनुष्य उतार आणि माथे पुष्कळ होते. आणि जे पांढरे सोडले, त्या बारीक रेघांत घरे होती. नकाशावरच्या त्या पांढऱ्या रेघा दुरून ओढ्यांसारख्या दिसत, आणि ते ओढेच होते. आम्ही समितीला विनंती केली की रुग्णवाहिकेला गेल्या काही वर्षांत जेथून बोलावणी आली, त्या जागा या नकाशावर ठिपक्यांनी मांडाव्यात. ठिपके पडू लागले आणि चर्चेचा सूर बदलला. बोलावणी पांढऱ्या रेघांतून येत होती.

त्यानंतर रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना विचारण्यात आले. त्यांना कोणत्या वळणावर आवाज तुटतो, कोणत्या पुलावर परत येतो, हे तोंडपाठ होते. त्यांच्या खुणा आणि संगणकाच्या सावल्या पुष्कळ ठिकाणी तंतोतंत जुळल्या. काही ठिकाणी जुळल्या नाहीत. तेथे दाट झाडी होती किंवा जाळीत न सापडलेली धार होती. गाडी घेऊन मोजणी करणाऱ्यांनी त्याच ठिकाणी जाऊन खात्री केली. शेवटी शिखरावरच्या रिपीटरला बुटक्या सोंडेवरच्या दुसऱ्या, लहान रिपीटरची जोड देण्याचे ठरले. दोन-तीन हॉलर त्यानंतरही सावलीतच राहिले. परंतु आता ते कोणते, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तेथे जाणारा कर्मचारी खोऱ्यात शिरण्यापूर्वीच रुग्णालयाला कळवितो.

ही गोष्ट केवळ आमच्या काउंटीची नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. ग्रामीण भागासाठी अनुदान ठरविताना काही मोबाइल कंपन्यांनी पोहोचीचे नकाशे सादर केले होते. कर्मचाऱ्यांनी १२ राज्यांत सुमारे १०,००० मैल गाडी चालवून ते तपासले. नकाशात सांगितलेला किमान वेग केवळ ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. जेथे पोहोच आधीच आहे असे नकाशा म्हणतो, तेथे अनुदान जात नाही. म्हणून नकाशावरचा खोटा रंग त्या भागातल्या माणसाचा हक्कच बुजवितो. मार्च २०२० मध्ये नकाशांसंबंधी नवा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा राष्ट्रीय नकाशा खुला करण्यात आला. त्यावर सामान्य नागरिकालाही आपल्या जागेची चाचणी घेऊन हरकत नोंदविता येते.

आपल्या मायदेशाशीही याचे नाते आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील किंवा चुलते-मावश्या अजून गावी आहेत, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवर फोन लागावा म्हणून टेकाडावर चढून बोलणारे नातेवाईक काहींना आहेत. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांचे आणि खोल दऱ्यांचे गणित ॲपलॅचियाहून वेगळे नाही. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये पोहोच नसलेल्या २४,६८० गावांत ४-जी सेवा नेण्याची योजना मंजूर केली. अशा योजनेत मनोरा उभा राहिला म्हणजे गाव जोडले गेले, असे मानण्याचा मोह होतो. परंतु गावठाण रंगले आणि ओढ्यापलीकडची वाडी पांढरी राहिली, असे होऊ शकते. एंडेव्हरने मोजलेल्या उंच्यांत ती वाडी आणि तिच्यासमोरचा कडा, दोन्ही आहेत. ते आकडे कोणालाही पाहता येतात.

येथे जमलेल्या तरुणांना आमचे एक सांगणे आहे. तुमच्यापैकी अनेक जण संगणक आणि अभियांत्रिकी शिकत आहात. आपल्या आजोळच्या वाडीचा आणि जवळच्या मनोऱ्याचा छेद एकदा काढून पाहा. मधली धार किती मीटरने आड येते, मृदंगाची किती जागा मोकळी राहते, ते मोजा. मग तेथे कोणाला फोन करून विचारा, की बाबा, अंगणात आवाज येतो का, ओसरीवर येतो का, आत येतो का? गणित आणि उत्तर जुळले तर आनंद माना. न जुळले तर त्याहून अधिक शिकाल. आणि हे तपशील कागदावर मांडून ग्रामपंचायतीकडे पाठवा. तक्रार आकड्यांसह आली की तिला उत्तर द्यावे लागते.

आणि ज्येष्ठांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. डोंगरी भागात सहलीला जाताना किंवा राहायला जाताना कंपनीच्या रंगीत नकाशावर विसंबू नका. अमेरिकेत ९११ ला केलेला फोन, आवाक्यात असेल ते जाळे उचलते, मग ते आपल्या कंपनीचे नसले तरी चालते. परंतु एकही जाळे आवाक्यात नसेल तर तोही निष्फळ. आवाज गेला तर खोऱ्यात पुढे न जाता, समोरची धार आड येणार नाही अशा मोकळ्या, उंच जागी या. हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी आपण कोठे जात आहोत हे घरी सांगून जावे.

उंचीचे आकडे आपल्याला डोंगराची सावली कोठे पडते ते सांगतात, आणि ते ज्ञान अमोल आहे. त्या सावलीत कोण राहते, ते मात्र आपण शोधावयाचे असते. नकाशा भरगच्च रंगलेला दिसला की आमची नजर आता आपोआप पांढऱ्या रेघांकडे जाते. आपणही त्या रेघांकडे पाहावे, तेथील एखादे घर ओळखावे आणि ते मोजणीत आले आहे की नाही हे विचारावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.